मुलगी साडेसातची आणि छातीत गाठ

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे, दुसरीत. परवा आंघोळ घालताना डाव्या बाजूला छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली, दाबलं की दुखतं म्हणते. एकाच बाजूला आहे म्हणून मला तर रात्रभर झोप नाही, नको ते मनात येतं. सासूबाई म्हणतात चिकन आणि पिशवीचं दूध बंद करा, जाऊबाई म्हणतात आजकाल सगळ्याच मुलींचं लवकर होतं, दाखवायची काही गरज नाही. आता पाळी पण लगेच येईल का? मला तेराव्या वर्षी आली होती.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, कॅन्सरचं आधी डोक्यातून काढा, या वयात तो जवळजवळ होतच नाही. निपलखाली अशी दुखरी गाठ येणं म्हणजे स्तनांची वाढ सुरू होणं, आणि ती खूपदा आधी एकाच बाजूला येते, दुसरी बाजू काही महिन्यांनी. कुणी ती गाठ काढून तपासायला पाठवू म्हणालं तर आधी मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, कारण त्या छोट्याशा गाठीतूनच पुढे पूर्ण स्तन वाढतो, ती काढली तर कायमचं नुकसान.

मात्र जाऊबाईंचंही ऐकू नका. मुली साधारण 8 ते 13 वर्षांत वयात यायला लागतात, मुलं 9 ते 14 मध्ये. मुलीत 8 च्या आत आणि मुलात 9 च्या आत सुरुवात झाली तर दाखवायचंच. तुमची साडेसातची, म्हणजे थोडीशीच अलीकडे, रात्री इमर्जन्सीत पळायची गरज नाही पण "बघू दिवाळीनंतर" असंही नको. आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते गरज वाटली तर पिडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाकडे, पाठवतील.

तिथे उंची-वजन बघतात, तुम्हा दोघांची उंची विचारतात, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय किती ते बघतात, लागलं तर रक्तातले हॉर्मोन आणि पोटाची सोनोग्राफी. कधी कधी काहीच न करता तीन-चार महिन्यांनी परत बोलावतात, तेव्हा डॉक्टरांनी टाळलं असं वाटून घेऊ नका, बदल किती वेगात होतायत हेच त्यांना बघायचं असतं. काही मुलींत हे सुरू होऊन तिथेच रेंगाळतं आणि औषध काहीच लागत नाही.

वेग जास्त असेल तर मात्र प्रश्न उंचीचा येतो. अशी मुलगी आज वर्गात सगळ्यात उंच दिसते, घरचे खूश असतात, पण हाडांची टोकं लवकर जुळतात आणि शेवटी तीच बुटकी राहते. त्यासाठी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देतात, त्याने मेंदूतून येणारा सिग्नल थांबतो, आणि योग्य वयात बंद केलं की सगळं पुन्हा सुरू होतं, पुढे मूल व्हायला त्याचा त्रास होतो असं दिसलेलं नाही. पाळी येऊन गेल्यावर उंची साधारण पाच-सात सेंटीमीटरच वाढते, म्हणून पाळी आल्यावर दाखवू म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पाळी लगेच येत नाही, गाठ दिसल्यापासून बहुतेक दोन-अडीच वर्षं जातात.

सहा वर्षांच्या आत सुरुवात, अंगावरून रक्त जाणं, सतत डोकेदुखी-उलट्या, नजर अंधुक होणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात जा. मुलगा 9 च्या आतला असेल तर जास्तच, कारण मुलींत बहुतेक वेळा आत काही कारण सापडत नाही, मुलांत सापडायची शक्यता जास्त.

चिकन-दूध बंद करून काही होणार नाही, ब्रॉयलर कोंबडी पटापट वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. वजन जास्त असेल तर ते मात्र बघा, जाड मुलींत हे लवकर होतं. घरात कुणी हॉर्मोनचं क्रीम किंवा जेल लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, अंगाला अंग लागून मुलांपर्यंत पोचतं. आणि ती अजून दुसरीतली पोर आहे हो, मोठी दिसायला लागली म्हणून तिचं खेळणं बंद करू नका.

प्रश्न: मुलगा चौदा पूर्ण, नववीत. मित्रांचे आवाज फुटले, हा अजून लहानच दिसतो. माझीही उंची दहावीनंतरच वाढली होती. थांबू का?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: दादा, तुमच्यावरच गेला असण्याची शक्यता बरीच आहे, पण एकदा दाखवून घ्या. मुलांत पहिला बदल मिशी नाही, आवाजही नाही, वृषणं मोठी होतात आणि ते आईबापाला कळत नाही. डॉक्टर वेगवेगळ्या आकाराच्या मण्यांच्या माळेशी तुलना करून मोजतात, 4 मिली किंवा त्याच्या पुढे गेलं म्हणजे गाडी सुरू. चौदा झाले तरी ते नसेल तर तपासणी हवी. (मुलीत तेरापर्यंत स्तनांची वाढ नसेल किंवा पंधरापर्यंत पाळी नसेल तर तसंच.) त्याला वास नीट येतो का तेही विचारा, ऐकायला विचित्र वाटेल पण काही मुलांत वास न येणं आणि वयात न येणं एकत्र असतं. जिममधली कुठलीही पावडर, गोळी नको. जाताना शाळेच्या प्रगतिपुस्तकांत दरवर्षीची उंची लिहिलेली असेल तर ती सगळी घेऊन जा, डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.