निशिकांत कामत नेमके कोणत्या पठडीतले दिग्दर्शक? त्यांचा कोणता सिनेमा आधी बघावा?

‘लय भारी’ करून कामत विकले गेले, हे आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की प्रश्नातला ‘पठडी’ शब्द वाचूनच डोकं सरकलं. दाजी संभाजीनगरला प्राध्यापक आहेत.

‘लय भारी’ आला ११ जुलै २०१४ ला, आषाढीनंतर दोनच दिवसांनी. जून कोरडा गेलेला, पेरण्या खोळंबलेल्या. बापू वारीहून आले आणि नुसते आभाळाकडं बघत बसायचे. म्हटलं, हिरो रितेश देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचा, आपलाच माणूस, चला. बळंच लातूरला थेटरात नेलं. ‘माऊली माऊली’ सुरू झालं तसं बापूंनी चपला काढल्या, खुर्चीतच मांडी घातली आणि हात जोडले. गाणं संपेस्तोवर हलले नाहीत. तेवढ्यात कुणाचा तरी पाय लागून एक चप्पल उतारानं घरंगळत गेली. इंटरव्हलला मोबाइलच्या उजेडात शोधली, चार रांगा पुढं सापडली!

हे दाजींना सांगितलं तर म्हणतात, “ ‘डोंबिवली फास्ट’ कुठं अन् हे कुठं!” त्याला राष्ट्रीय पुरस्कार, म्हणून तो खरा, असं त्यांचं गणित. अहो, पण माणूस बदलला कुठं? ‘डोंबिवली फास्ट’मधला बॅट घेऊन सुटलेला बँकेतला कारकून माधव आपटे, ‘मुंबई मेरी जान’मधला रिटायर व्हायला आलेला हवालदार, ‘दृश्यम’मधला चौथी नापास केबलवाला. सगळी आपल्या गल्लीत दिसणारी माणसं. लातूरला कुठली आलीय लोकल? पण तहसीलच्या रांगेत उभं राहिलेल्याला माधव आपटेचा राग समजावून सांगावा लागत नाही. ‘दृश्यम’ मल्याळम सिनेमाचा रिमेक म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : ‘डोंबिवली फास्ट’ही त्यांनी २००७ ला माधवनला घेऊन तमिळमध्ये पुन्हा केलाच की.

१७ ऑगस्ट २०२० ला कामत गेले, उण्यापुऱ्या पन्नाशीत. त्या दिवशी दाजींचं स्टेटस होतं, ‘अष्टपैलू दिग्दर्शक’.

आता, ‘लय भारी’ची गोष्ट तशी जुनीच, हे मलाही मान्य. ‘रॉकी हँडसम’ तर मला अजिबात झेपला नाही. तुम्ही ‘डोंबिवली फास्ट’पासूनच सुरू करा, ‘मदारी’ मागाहून बघितला तरी चालेल.

दाजींनी ‘लय भारी’ आजवर पाहिलेलाच नाही, हे सांगायचं राहिलं. दाजी, वाचत असाल तर दिवाळीला या, मी लावतो. बापूंच्या शेजारी बसायचं, चपला काढून.