शॉर्टकट उघडत नाहीत? फाइल गेलेली नाही

फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यावर डेस्कटॉपवरचे शॉर्टकट उघडेनासे झाले? निश्चिंत राहा. शॉर्टकट म्हणजे नुसती पत्त्याची चिठ्ठी. तुम्ही फाइलचं घर बदललंत, चिठ्ठीवर पत्ता जुनाच राहिला.

सध्या एवढंच करा:

- विंडोज ‘हा शॉर्टकट डिलीट करू का?’ असं विचारेल. लगेच ‘येस’ नको. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’मधला जुना पत्ता वाचा. फाइलचं नेमकं नाव तिथेच मिळतं.
- त्या नावाने शोधा. सापडली की ऑल्ट दाबून धरून ती डेस्कटॉपवर ओढा, नवा शॉर्टकट तयार! जुना मग खुशाल उडवा.

नवखे हमखास चुकतात ते ‘प्रोग्राम फाइल्स’मधली (इन्स्टॉल केलेले प्रोग्राम जिथे राहतात तिथली) फोल्डरं हलवून (मीही केलंय). ती होती तिथेच परत ठेवा. रजिस्ट्रीच्या (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवते त्या नोंदवहीच्या) वाटेला इतक्यात जाऊ नका.