बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगत नाहीत, ऑपरेशन लगेच करून घ्यावं का?

तुमचं बाळ दहा दिवसांचं आहे, लिंग स्पष्ट कळत नाही आणि घरचे म्हणतायत, ‘ऑपरेशन करून एकदाचं काय ते ठरवून टाका.’ मी आधी दुसरंच विचारते. बाळाचं सोडियम-पोटॅशियम तपासलंय का? आणि 17-ओएचपी, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनची रक्ततपासणी? नसेल तर आजच करून घ्या.

माझ्या मुलीला सीएएच, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार आहे. गुणसूत्रं एक्सएक्स, सोनोग्राफीत गर्भाशय व्यवस्थित. पण मूत्रपिंडावरच्या या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं एक एन्झाइम कमी, म्हणून पोटात असतानाच पुरुषी हार्मोन जास्त झालं आणि बाहेरून ती मुलासारखी दिसली. याच आजारात बऱ्याचदा शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही. पहिला आठवडा ती छान दूध प्यायली. दुसऱ्या आठवड्यात दूध ओढेना, उलट्या सुरू झाल्या, हाक मारली तरी डोळे उघडेना. वेळेवर सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन (शरीरात कमी पडणारं हार्मोन भरून काढणारं औषध) मिळालं म्हणून ती वाचली. प्रत्येक बाळाला सीएएचच असतं असं नाही. पण वृषण हाताला लागत नसतील तर डॉक्टरांनी आधी हेच तपासायला हवं.

आता ऑपरेशन. लघवीची वाट अडली असेल, वारंवार संसर्ग होत असेल, तर ते गरजेचं. नुसतं दिसण्यासाठी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, थांबा. कापलेलं परत येत नाही, संवेदना जाऊ शकते, आणि शरीर तिचं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर तमिळनाडू सरकारने अर्भकांवरच्या अशा शस्त्रक्रियांना, जिवावरचं कारण नसेल तर, बंदी घातली. तो आदेश त्या राज्यापुरता असला, तरी तुमच्या सर्जनना त्याबद्दल जरूर विचारा. आम्ही थांबलो. मुलगी आता सातवीत आहे, तिला सगळं तिच्या वयाला झेपेल तसं सांगितलंय.

रोजचं म्हणाल तर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चुरून पाण्यातून द्यायची, एकही वेळ चुकवायची नाही. ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा. गोळी उलटून पडली तर थेट दवाखाना, इंजेक्शनसाठी.

खरा त्रास माणसांचा. ‘पेढे की बर्फी?’ विचारणारे, ‘ग्रहणात बाहेर पडली होतीस का?’ म्हणणारे. एका हॉस्पिटलात तर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला की दुपटं उघडायचे. तिसऱ्यांदा मी दुपट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘आधी मला विचारा.’ तुम्हीही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. आणि ग्रहणाचा काही संबंध नाही. सीएएचमध्ये सदोष जनुक आई-वडील दोघांकडून येतं. माझं लग्न मामेभावाशी झालंय, नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. पुढच्या प्रत्येक खेपेला 25 टक्के, म्हणून दुसऱ्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या.

जन्मनोंदणी 21 दिवसांत करायची असते, पण नाव नंतर घालता येतं. बारशाची घाई नको. मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बाळाचं वजन रोज करा, आणि सोडियमचा आकडा आला की मला इथेच कळवा.