शीरखुर्म्याचा शिधा

बाळा,

अस्सलामु अलैकुम. दरवर्षी ईदला तुमच्या घरून मजल्यावरच्या चारही घरी शीरखुर्मा जातो, यंदा, 2021 च्या या करोनाच्या लाटेत, पाठवावा की नाही, असं विचारलंस. पाठव. फक्त शिजवून नको, शिधा पाठव. पुण्यात वारीच्या दिवसांत दिंड्यांना शिधा देणारी घरं आहेत ती, त्यांना शिधा म्हणजे काय ते समजवावं लागणार नाही. दूध त्यांचं, पातेलं त्यांचं. ज्या आजींना सामिष स्वयंपाकाच्या भांड्यातलं चालत नाही, त्याही निर्धास्त खातील. आणि एखाद्या घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर पुडा चार दिवस तसाच राहील, नासणार नाही.

तारखा नीट बघ. यंदा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, 14 एप्रिलला पहिला रोजा झाला. 12 मे ला चंद्र दिसला तर ईद 13 ला, नाहीतर 14 ला. आणि 14 मे ला अक्षय्य तृतीया. त्यांच्या घरी त्या दिवशी आमरस असणार. म्हणून शिधा 10 तारखेपर्यंत पोचता कर, म्हणजे कधी करायचा ते त्यांना ठरवता येईल. सध्याच्या निर्बंधांत किराणा सकाळी 7 ते 11 एवढाच उघडा असतो. खरेदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

एका पुड्यात 1 लिटर दुधाचं माप: बारीक भाजक्या शेवया 50 ग्रॅम, खारका 8, बदाम 10, काजू 10, पिस्ते 8, चारोळी 1 मोठा चमचा, मनुका 1 चमचा, साखर 80 ग्रॅम, वेलदोडे 5. शेवया मूठभरच दिसतात, म्हणून लोक दुप्पट घालतात आणि इथेच बिघडतं. शेवया दूध ओढत राहतात. तासाभरात पातेल्यात चमचा उभा राहतो. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. शेवई त्या नावातही नाही. वाटीने पिता आला पाहिजे.

चारोळी भरण्याआधी दोन दाणे चावून बघ. उन्हाळ्यात ती पटकन खवट होते आणि एक खवट चमचा लिटरभर दूध वाया घालवतो.

पुड्यावर चिठ्ठी मराठीत लिही, आणि पहिली ओळ मोठ्या अक्षरात: खारीक आदल्या रात्री भिजवा. हेच सगळे विसरतात. विसरलीच तर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून घ्यायची. बिया काढून लांब काप करायचे, पाणी टाकून द्यायचं, दुधात घालायचं नाही. बदाम-चारोळी गरम पाण्यात ठेवून सालं काढायची. दोन चमचे तुपात आधी सुका मेवा आणि खारीक परतायची, बाजूला काढायची, मग त्याच तुपात मंद आचेवर शेवया, हात न थांबवता. रंग सोनेरी झाला की लगेच उतरवायच्या, तापलेल्या कढईतसुद्धा त्या करपतात. दूध पाऊण होईपर्यंत आटवायचं, साखर घालायची, आच कमी करायची, मग मेवा आणि खारीक. खळखळत्या दुधात खारीक टाकली की दूध फाटायची भीती असते. शेवया सर्वांत शेवटी, चार मिनिटं, वरून वेलची. नंतर घट्ट झालाच तर गरम दूध घालायचं, पाणी नको.

जमलं तर संध्याकाळी सगळ्या घरांनी फोन लावून शीरखुर्मा एकाच वेळी करा. संसर्गाची भीती पुड्याची नाही, दारात उभं राहून मारलेल्या गप्पांची आहे. बेल वाजव, पुडा स्टुलावर ठेव, मागे सरक, मास्क काढू नकोस.

समोरचे काका-काकू इफ्तारीला काही देऊ का विचारतात, असं लिहिलंस. हो म्हण, संकोच करू नकोस. कोंढव्यात कौसरबागेतली इफ्तारीच्या खाण्याची संध्याकाळची गर्दी यंदा नाही, तेव्हा शेजारचा डबा फार मोलाचा. त्यांना वेळ मात्र स्पष्ट सांग: इफ्तार सातच्या सुमारास, डबा साडेसहाला. सातला बेल वाजली तर घरात सगळे खजूर हातात घेऊन बसलेले असतात. फळं सहानंतरच चिरायची, चाट मसाल्याची पुडी वेगळी द्यायची, नाहीतर वाटीत पाणी सुटतं. भजी गरम असताना झाकण घट्ट लावलं तर वाफेनं मऊ पडतात. खाली कागद, झाकण अर्धवट. जेली नको, तिच्यात जिलेटिन असू शकतं.

तुमच्या घरी मीठ मापूनच घाला. रोज्यात चव घेणं टाळतात. रोजा नसलेल्या लहानग्याला चाखायला सांगता येईल. आणि कुणालाही, शेजाऱ्यांनाही सांगून ठेव, "आज रोजा आहे ना?" असं विचारायचं नाही. आजारी माणसाला सूट आहे, पाळीच्या दिवसांत बायका रोजा ठेवत नाहीत. उत्तर देणं अवघड होतं. तापातून उठलेल्याला तळलेलं पाठवू नकोस, मऊ मुगाची खिचडी पाठव.

डबे साबणाने धुतले की पुरे. रिकामा डबा परत करायचा नाही ही त्यांची रीत, म्हणून आंबे येतीलच. ते अर्धा तास पाण्यात ठेव, देठाचा चीक धुऊन काढ, आणि अम्मीला सांग की त्यातले दोन पहाटेच्या सहरीसाठी राखून ठेव.

तुझा,
चाचा