विषाणू प्रथिनांच्या लवचीक भागांच्या मदतीने पेशीचा ताबा कसा घेतात?

ज्या प्रथिनाला ठरावीक आकारच नाही ते पेशीवर हुकूमत कशी गाजवते, हा आपला प्रश्न नागपुरात पदवीच्या वर्गांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मलाही वारंवार विचारला जातो, कारण आकारावरून कार्य ठरते हे सूत्र विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसलेले असते.

पेशीतील अनेक प्रथिने एकमेकांना मोजक्या अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील दुव्यांच्या, छोट्या क्रमांवरून ओळखतात आणि हे क्रम बहुधा लवचीक, म्हणजे ठरावीक आकाराची घडी नसलेल्या, भागांत असतात. विषाणू नेमके तेच उचलतात. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १६ क्रमांकाच्या प्रकारातील ई७ हे प्रथिन अवघ्या ९८ अमिनो आम्लांचे आहे. त्याच्या लवचीक भागात २२ ते २६ या स्थानांवर ल्युसिन, टायरोसिन, सिस्टीन, टायरोसिन आणि ग्लुटामिक आम्ल असा क्रम येतो. एवढ्याशा तुकड्याच्या बळावर ते पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा प्रथिनाला चिकटते, त्याने धरून ठेवलेले ई२एफ घटक, म्हणजे विभाजनासाठी लागणारी जनुके चालू करणारी प्रथिने, मोकळे होतात, पेशी डीएनएच्या प्रती काढू लागते आणि ती सारी यंत्रणा विषाणूला आयती मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक वाट इथूनच सुरू होते.

अगदी वेगळ्या कुळातील अ‍ॅडेनोविषाणूच्या ई१ए प्रथिनातही या पाच जणांच्या क्रमातील पहिले, तिसरे आणि पाचवे अमिनो आम्ल तेच आहे, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. लवचीक भागाला घडी सांभाळायची नसल्यामुळे तिथे एखादे अमिनो आम्ल बदलले तरी प्रथिन सहसा बिघडत नाही, म्हणून असे क्रम उत्क्रांतीत लवकर घडतात. औषध शोधणाऱ्यांची अडचण मात्र अशी की रेटिनोब्लास्टोमा प्रथिनावरील ज्या खाचेत विषाणूचा हा क्रम बसतो तीच खाच पेशीची स्वतःची प्रथिनेही वापरतात.