साडेसहा कोटी वर्षांच्या दगडापुढे माझं काय?

“मॅडम, आमच्या शेतातला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. माणूस येऊन जेमतेम 3 लाख वर्षं झाली. मग माझ्या परीक्षेनं काय फरक पडतो?”

चाळीसगावकडचा हा बीएस्सीचा विद्यार्थी मला जळगावात समुपदेशनासाठी भेटला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आई एवढंच म्हणाली, “पोऱ्या रातभर जागस, धड जेवस नही.”

हा प्रश्न बऱ्याच तरुणांना छळतो. मी आकड्यांशी वाद घालत नाही. ते खरेच आहेत. पृथ्वीचं 454 कोटी वर्षांचं वय एका वर्षात बसवलं, तर सगळी मानवजात 31 डिसेंबरच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात येते. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा कुणालाही गरगरतं. मी विचारते ते वेगळंच: हे कधीपासून? जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारते. त्याला तसं वाटत नव्हतं. (वाटत असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.)

“पोळ्यापासून,” तो म्हणाला. पोळ्याच्या तोंडावर त्याचे आजोबा गेले होते. घर रडलं, हा रडला नाही. रात्र रात्र ज्वालामुखींचे व्हिडिओ बघत बसला. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात आजोबा इतके लहान झाले, की दुःखाला जागाच उरली नाही. पण त्यांच्याबरोबर परीक्षा, मित्र, जेवण, सगळंच लहान झालं.

त्याच्याच तालुक्यात पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला आहे, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा. मी विचारलं, “त्या कोरणाऱ्याला या दगडाचं वय कळलं असतं, तर त्यानं नक्षी अर्धवट टाकली असती का?”

“शहामृग? आपल्याकडे?” बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात कुतूहल आलं असावं.

मग दगडावरून बोलणं मातीवर आलं. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि कपाशीची काळी माती त्याच्याच झिजेतून झालेली, हे त्याला ठाऊक होतं. आजोबा पहारीच्या आवाजावरून खाली मुरूम आहे की पाषाण ते ओळखायचे, हे सांगताना मात्र तो हमसून रडला. मी अडवलं नाही.

परीक्षा त्यानं दिली. तो विचार अजून येतो, विशेषतः रात्री. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून आईला उठवायचं, असं दोघांनी ठरवलंय. आमच्या भेटी चालू आहेत.