गोबरगॅसच्या गाळात कसलं करिअर?

नमस्कार दादा,

तुमची लेक लातूरला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोबरगॅसची स्लरी भट्टीत तापवून त्यातलं जस्त-तांबं मोजायचा प्रोजेक्ट करते आणि पुढे यातच शिकायचं म्हणते. त्यापेक्षा बी.एड. बरं, असं तुम्ही लिहिलंय. शेणावर नोकरी कोण देणार, हा तुमचा प्रश्न.

तुमच्या शेतापासूनच बघू. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असतं, पण पिकाला ते मिळत नाही. म्हणून तर माती परीक्षणात ‘जस्त कमी’ येतं आणि आपण झिंक सल्फेट टाकतो. असणं वेगळं, लागू होणं वेगळं. लेकीचा विषय नेमका हाच आहे.

हवेविना कुजलेल्या स्लरीत हे धातू बरेचसे गंधकाशी आणि सेंद्रिय पदार्थाशी बांधलेले असतात. 550 अंशांवर तापवलं की सेंद्रिय भाग जळतो, जस्त-तांबं राखेत उरतं. 10 किलो सुक्या गाळाची 4 किलो राख झाली, तर किलोमागचा आकडा अडीचपट होतो. बाहेरून कणही न येता! पारा मात्र उडून जातो. हवा न देता तापवून कोळसा केला, तरी आकडा वाढतोच, पण बराचसा धातू आत घट्ट अडकतो आणि पाण्यात सहज सुटत नाही. नुसत्या एकूण आकड्यावरून खत बरं की वाईट, हे म्हणूनच ठरत नाही.

खत नियंत्रण आदेशात कंपोस्टला किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि जस्त 1000 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. ते मोजणारी माणसं लागतातच. खत आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्या-गाळापासून गॅस करणाऱ्या साखर कारखान्यांत, नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थांत असं काम असतं. सुरुवातीला पगार बेताचाच असतो, हे मी लपवणार नाही.

माझं स्पष्ट मत, तिला ॲनालिटिकल केमिस्ट्रीत, म्हणजे कशात काय किती आहे ते मोजायच्या शाखेत, एम.एस्सी. करू द्या. पदवीच्या नावात ‘पर्यावरण’ नसलं तरी चालेल, धातू मोजायच्या यंत्रावर हात बसला पाहिजे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्हीकडची विद्यापीठं बघा. आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षाही देऊ द्या. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, यंत्र चालू आहे का आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती देतात का. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

आणि तुमचा माती परीक्षणाचा कागद एकदा तिच्यापुढे ठेवा. तिची स्लरी आपल्या रानात किती टाकायची, ते तिलाच विचारा.